वेळ नाही, हे कारण नको



"शनिवार-रविवारी पाहुणे आहेत, स्कोन बेकरीतूनच आणू," हे मला मुळीच पटत नाही. वरची चकाकी अनेकदा अंड्याची असते. सुट्या मालावर हिरवी खूण कुठे शोधणार? घरच्या स्कोनला अंडे नको, यीस्ट नको, लोणीही नको.

शुक्रवारी २ कप कणीक, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि पाव कप थिजलेले तूप चोळून ठेवा. सकाळी पाऊण कप दूध घाला, वड्या कापा, तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण १५ मिनिटे भाजा. दूध सकाळीच पडते, मग शिळ्याचा प्रश्न कुठे? सूर्यास्ताआधी संपवा. विवेकासाठी एवढीही मिनिटे नसतील, तर वेळ वाचवायचा तरी कशासाठी?