असतो आणि असता

गेल्या उन्हाळ्यात आम्हां शिक्षकांना एका प्रशिक्षणवर्गाला बसावे लागले. 'बसावे लागले' असेच म्हणतो, कारण मे महिन्यात पत्र्याच्या सभागृहात स्वखुशीने कोणी बसत नाही. तिसऱ्या दिवशी एक व्याख्याते आले. गृहस्थ मोठे बोलके. त्यांचे म्हणणे असे, की मूल जे रोजच्या बोलण्यात वापरत नाही ते व्याकरण त्याला शिकवू नये. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चार नावे म्हणे आता माळ्यावर टाकावी. मग पुराव्यादाखल ते म्हणाले, "फ्रेंच लोकांचेच पाहा. त्यांच्याकडे भूतकाळी सब्जंक्टिव्ह म्हणून एक रूप होते. त्यांनी ते टाकून दिले. अडले का त्यांचे काही?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. समोर बसलेल्याने हात बांधून बसणे बरे दिसत नाही. शिवाय फ्रेंच लोकांचे नाव निघाले की आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्याची जीभ आपोआप टाळूला चिकटते. पण घरी उंब्रजला परतताना एस.टी.त ते वाक्य सारखे टोचत राहिले. तारळीचा पूल आला तरी टोचतच होते. चार कादंबऱ्या लिहून झाल्या, वीस-बावीस वर्षे खडू झिजवला, आणि क्रियापदासारख्या घरच्या वस्तूबद्दल कोणी तरी पॅरिसचा हवाला देऊन मला गप्प करतो, हे बरे वाटले नाही.

योग असा, की माझी भाची पुण्याला फ्रेंच घेऊन बी. ए. करते. सुट्टीला ती आली, तेव्हा तिला म्हटले, "ते सब्जंक्टिव्ह का काय, ते मला एकदा समजावून दे." ती हसली. "मामा, ते कुणी बोलत नाही आता. आम्हांला नुसते ओळखता आले तरी पुरे." म्हटले, असू दे. सांग तर खरे.

तिने सांगितले ते असे. फ्रेंचांच्या कादंबरीत एक भूतकाळ असतो. त्यातले 'तू'चे रूप घ्यायचे. त्याच्या शेवटी एक 'स' लिहितात, पण तो मुका. त्याला 'से' जोडला, की मुका 'स' बोलू लागतो: 'पार्ला'चे 'पार्लास', 'फीनी'चे 'फीनीस', 'फ्यू'चे 'फ्यूस'. 'आम्ही'चे रूप तर 'पार्लासियों' असे शेपटीसकट लांबते, त्याचे खुद्द फ्रेंचांनाही हसू येते. या नियमाला अपवाद नाही. नियमाबाहेरची म्हणून बदनाम झालेली क्रियापदेसुद्धा इथे मुकाट्याने रांगेत उभी राहतात. मौज तृतीयपुरुषी एकवचनात आहे. तिथे 'स' वाढत नाही; कानाला दोन्ही रूपे एकसारखीच लागतात, पण लिहिताना स्वराच्या डोक्यावर एक लहानशी टोपी चढते. 'फ्यू' म्हणजे तो होता. टोपीवाला 'फ्यू' म्हणजे तो असता, असावा. 'त्याने यावे असे मला वाटते' याला फ्रेंच माणूस एक रूप वापरी आणि 'त्याने यावे असे मला वाटत होते' याला हे दुसरे. आता बोलताना दोन्हीकडे पहिलेच चालते. मी तिला म्हटले, अग, मग ते आपल्यासारखे झाले की! आपले 'यावे' दोन्ही वाक्यांत तसेच राहते. ही त्यांची प्रगती म्हणायची की आपली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग मी टाकून दिल्याची हकीकत विचारली, तेव्हा प्रकरण निराळेच निघाले. 26 फेब्रुवारी 1901 रोजी फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक हुकूम काढला. काही ठराविक वाक्यांत परीक्षार्थ्याने या रूपाऐवजी सोपे वर्तमानाचे रूप लिहिले तरी ते चालवून घ्यावे, असे त्यात होते. म्हणजे चूक धरू नका, एवढेच. शिकवू नका असे कोणी म्हटले नाही. 1956 मध्ये आल्बेर कामूने 'ला श्युत' ही कादंबरी लिहिली. तिचा बोलघेवडा नायक बोलता बोलता हेच रूप वापरतो आणि समोरचा दचकलेला पाहून, हा आपला दुबळेपणा आहे अशी कबुली देतो. मेलेल्या रूपाने कोणी दचकत नाही. आणि 1990 साली शुद्धलेखन सुटसुटीत करावे म्हणून सरकारी सुधारणा जाहीर झाल्या, तेव्हा 'इ' आणि 'यू' या स्वरांवरच्या असंख्य टोप्या उतरवण्याची मुभा मिळाली. पण या क्रियापदावरची टोपी तेवढी ठेवली. का ठेवली? ती काढली तर 'होता' आणि 'असता' यांत डोळ्यालाही फरक उरत नाही म्हणून! जे रूप त्यांच्या पोरांच्या तोंडी नाही, कानाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी त्या लोकांनी एवढी काळजी घेतली. आमचे व्याख्याते मात्र तेच उदाहरण देऊन आमच्या जिवंत रूपाला माळ्यावर पाठवायला निघाले.

जिवंत म्हणतो ते उगीच नाही. फ्रेंचांच्या टोपीवाल्या 'फ्यू'चा मराठी भाऊबंद 'असता' हा आहे. 'तो घरी असतो' यातल्या 'तो'वरची मात्रा उतरवा, 'तो घरी असता' होते, आणि माणूस घरात नाही हे एका अक्षरात कळते. त्यांच्याकडे टोपी चढते, आमच्याकडे मात्रा उतरते; पण आमची मात्रा उतरलेली ऐकू येते. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये त्याहून मोठे लिहिले. पण ही मात्रा उतरवायला आमच्या आजीला दोघांपैकी कोणीच शिकवले नव्हते. ती पाटणकडची. 1967 सालच्या 11 डिसेंबरची पहाट ती सांगे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घराची मागची भिंत अंथरुणांवर आली. "तुजी आई त्या राती मामाकडं गेली नस्ती, तर तू नस्तास." एवढेच सांगून ती तपकिरीची डबी उघडी. त्या वाक्यातला 'नसतास' माळ्यावर टाकायचा म्हणजे कुठे टाकायचा? आणि मूल जे बोलत नाही ते म्हणे शिकवू नका! उंब्रजच्या बाजारात पोराला पाच रुपये कमी पडले तर ते काय म्हणते, हे त्या गृहस्थांनी एकदा येऊन ऐकावे.

'करी', 'जाई', 'बसे' ही रूपे बोलण्यातून गेली, हे मात्र मला मान्य आहे. आत्ताच वर मी 'सांगे' आणि 'उघडी' लिहिले, ते कादंबरीकाराच्या खोडीने. वर्गात 'राजा दानधर्म करी' असे वाचले, तर मागच्या बाकावरून विचारणा होते, "गुरुजी, कसली करी?" तिथे मी भांडत नाही. भांडण 'असता'चे आहे, आणि त्यात मी स्वतः एकदा गुन्हेगार ठरलो आहे.

आमच्या कृष्णाकाठी 'ती येते' असे कोणी म्हणत नाही. म्हैस दूध देती, एस.टी. येती, आई शेतात असती. शाळेत आम्ही हे रोज दुरुस्त करतो; तांबडी शाई हातात असली की 'ती'चे 'ते' आपोआप होते. काही वर्षांपूर्वी पाचवीला 'माझे घर' असा निबंध दिला होता. साठ वह्यांचा गठ्ठा, रात्रीची वेळ. एका मुलीने लिहिले होते, 'आई असती तर माझी वेणी घालती.' मी 'असती'चे 'असते' केले, 'घालती'चे 'घालते' केले, आणि दोन गुण कापून पुढची वही ओढली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन आली. गुणांची तक्रार नव्हती. माझ्या शाईवर बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, पर आई न्हाई मला."

मुलीचे व्याकरण बरोबर होते. 'घालती'सुद्धा बरोबर होते. जुन्या मराठीत 'घातली असती' असा पसारा न मांडता हे एकाच शब्दात म्हणता येई, आणि ते तिच्या तोंडी कुठून तरी तसेच उतरले होते. तिला संकेतार्थ येत होता. मला त्याचे फक्त नाव येत होते. मी तिची दुरुस्ती खोडली, गुण परत दिले. वेणी मात्र त्या दिवशीही कुणी तरी घाईनेच घातलेली दिसत होती.

तेव्हा हा धडा मुलांना शिकवायचा की मास्तरांना, यावर वाद होऊ शकेल; काढून टाकायचा यावर नाही. रूप बोलण्यात आहे म्हणूनच ते ओळखणारा माणूस शाळेत हवा. नाही तर आतापासूनच जे चालले आहे ते पाहावे. जाहिराती, सूचना, मोबाईलवरचे निरोप यांतून एक भाषांतराची मराठी घरात शिरली आहे. 'जर तुम्ही आज खरेदी करता, तर सवलत मिळेल.' अहो, 'खरेदी केलीत तर' म्हणा! घडू शकेल त्याला 'केलीत तर', हुकले त्याला 'केली असतीत तर', आणि रोज घडते त्याला 'करता': ही तीन खणांची फडताळे आपल्या आज्यांनी नीट लावून दिली आहेत, आणि आपण सगळे सामान एकाच खणात कोंबतो आहोत.

हे सारे मी त्या व्याख्यात्यांच्या कार्यालयाला सविस्तर कळवले. 1901 आणि 1990 या दोन्ही सालांसकट. दीड महिन्याने छापील कागदावर उत्तर आले: 'जर आपण या विषयावर टिपण पाठवता, तर त्यावर अवश्य विचार केला जाईल.'

आता जुन्या व्याकरणाप्रमाणे या 'पाठवता'चा अर्थ एकच निघतो: आपण टिपण पाठवलेले नाही. तांबडी शाई हाताशीच होती. 'पाठवता'खाली रेघ ओढली, शेजारी 'पाठवलेत' असे लिहिले, आणि कागद उलट टपाली परत धाडला.