आधीं नियम, मग नोकर

आपल्या परभणी जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आतां नवलाच्या राहिल्या नाहींत. सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस हीं येथील मुख्य पिकें. तीं एकएकट्यानें मोंढ्यावर नेऊन मिळेल त्या भावानें विकण्यापेक्षां चारपांचशें शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन माल गोळा करावा, तो चाळून स्वच्छ करावा आणि वेळ पाहून विकावा, हा विचार बहुतेकांस पटलेला आहे. अशा कंपन्यांच्या सभांतून भागभांडवल किती जमलें, चाळणीचें यंत्र कोणतें घ्यावें, गोदाम कोठें बांधावें, ह्या प्रश्नांचा खल तासन् तास चालतो. परंतु गोदामाची किल्ली कोणाच्या हातीं राहावी, कांट्यावर कोणीं उभें राहावें, त्यास पगार किती व कोठून द्यावा, आणि त्यानें कोणत्या नियमानें काम करावें, हे प्रश्न पुष्कळदां शेवटच्या पांच मिनिटांवर सोडले जातात व ‘पुढें पाहूं’ ह्या दोन शब्दांत त्यांची वासलात लागते. आमच्या मतें कंपनी तरेल कीं बुडेल, हें यंत्रापेक्षां ह्याच प्रश्नांवर अधिक अवलंबून आहे. आणि ह्या बाबतींत योग्य क्रम एकच आहे : आधीं नियम, मग नोकर.

ही गोष्ट शेतकऱ्यास मुळींच नवी नाहीं. गुढीपाडव्यास सालगडी ठेवतांना आपण काय करतों ? सालाची रक्कम किती, उचल किती, धान्य किती, कपडालत्ता काय, सणावाराच्या सुट्या किती, आजारपणाचे खाडे कसे धरावयाचे, हें सर्व चार माणसांसमक्ष बोलून घेतों. बोलणें पक्कें झाल्यावांचून सालगडी औतास हात लावीत नाहीं आणि मालकही त्यास लावूं देत नाहीं. जो मनुष्य स्वतःच्या पंधरावीस एकरांसाठीं इतकी दक्षता घेतो, तोच कंपनीचा संचालक झाला म्हणजे लाखों रुपयांचा माल ज्याच्या स्वाधीन करावयाचा त्या माणसास ‘या उद्यांपासून’ एवढेंच सांगून मोकळा होतो. ह्याचें कारण आळस नव्हे. कंपनी सर्वांची, म्हणून तिची काळजी दुसरा कोणी तरी घेईलच, अशी प्रत्येकाची समजूत असते. ‘बारभाईची खेती’ म्हणतात ती हीच.

कायद्यानें ह्या कामाची वांटणी स्पष्ट करून ठेवली आहे. उत्पादक कंपन्यांची तरतूद २००२ सालच्या दुरुस्तीनें आपल्याकडे आली, आणि आतां ती २०१३ च्या कंपनी कायद्याचा भाग आहे. संचालक पांचांहून कमी व पंधरांहून अधिक नसावेत, मंडळाची सभा दर तीन महिन्यांत एकदां तरी व्हावी, आणि प्रत्येक कंपनीस एक पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा व तो सभासदांपैकीं नसावा, असें त्यांत सांगितलें आहे. शेवटच्या अटीचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. जो स्वतः माल विकावयास आणतो, त्यानेंच त्या मालाचा निवाडा करूं नये. नित्याचा कारभार पाहणें, बँकेचीं खातीं चालविणें, रोकड व मालमत्ता सुरक्षित राखणें, हिशेबाच्या वह्या ठेवणें, सभासदांस वेळोवेळीं माहिती देणें, आणि मंडळानें दिलेल्या अधिकारांत इतर नोकर नेमणें, हीं कामें कायद्यानें कार्यकाऱ्याकडे दिलीं आहेत. थोडक्यांत, धोरण ठरवावयाचें मंडळानें आणि त्याचा अंमल करावयाचा कार्यकाऱ्यानें. प्रत्यक्षांत पुष्कळदां उलट घडतें. अध्यक्ष कांट्याजवळ खुर्ची टाकून मापाड्यास हुकूम देत बसतात, आणि वर्षाचें धोरण काय म्हणून विचारलें तर कार्यकाऱ्याकडे बोट दाखवितात.

आतां पगाराचा विचार करूं. केंद्र सरकारची दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना २९ फेब्रुवारी २०२० रोजीं सुरू झाली. तींत प्रत्येक संस्थेस तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेलें असून, त्यांतून कार्यकाऱ्यास दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व हिशेबनिसास दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पगार देतां येतो. दोघांचा मिळून वर्षाचा खर्च होतो ४ लाख २० हजार रुपये, आणि तीन वर्षांचा १२ लाख ६० हजार. म्हणजे साहाय्याचा शेंकडा सत्तर भाग ह्या दोन माणसांसाठींच आहे. रोपाला काठी बांधावी तसें हें साहाय्य आहे. पण काठी काढल्यावर रोप उभें राहील काय, हा हिशेब पहिल्याच वर्षीं मांडला पाहिजे. समजा, इतर सर्व खर्च वजा जातां कंपनीच्या पदरीं क्विंटलमागें ५० रुपये उरले. तर ह्या दोघांच्या पगारापुरता पैसा उभा करण्यास वर्षाकांठीं ८,४०० क्विंटल माल कंपनीच्या कांट्यावरून गेला पाहिजे. सभासद ३०० असतील तर दर सभासदामागें २८ क्विंटल. त्यांतले निम्मे भाग घेऊन घरींच बसले, तर उरलेल्यांमागें ५६ क्विंटल. इतका माल येणार नसेल, तर चौथ्या वर्षीं आधीं हिशेबनीस जाईल, मागोमाग कार्यकारी जाईल, आणि यंत्रावर धूळ बसेल. म्हणून पहिला नियम हा असावा कीं, साहाय्याच्या तीन वर्षांत कंपनीनें आपल्या कमाईचा ठराविक हिस्सा पगारनिधि म्हणून वेगळा काढावा, आणि चौथ्या वर्षीं पगाराचें काय होईल, हें नेमणुकीच्या पत्रांतच लिहून द्यावें.

नियम नसले म्हणजे नुकसान कसें होतें, ह्याचें एक साधें उदाहरण देतों. हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा एरव्हीं शेंकडा १२ ची. २०२४ च्या हंगामांत सरकारनें ती १५ पर्यंत शिथिल केली होती. समजा, कंपनीच्या कांट्यावर १६ टक्के ओलाव्याचा माल आला. ‘चार टक्के ओल जास्त, तर क्विंटलमागें चार किलो कापा,’ असा सोपा हिशेब मापाडी करतो व ९६ किलोंचे पैसे देववितो. परंतु त्या १०० किलोंत सुकें द्रव्य ८४ किलोच असतें; तो माल १२ टक्क्यांवर वाळविला म्हणजे वजन भरतें सुमारें साडेपंचाण्णव किलो. क्विंटलमागें अर्ध्या किलोहून थोडी अधिक तूट कंपनीच्या माथीं बसली. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानें ती सुमारें २९ रुपये होते. वर मानलेल्या ५० रुपयांपैकीं २९ एका चुकीच्या कोष्टकानें गेले, आणि वाळविण्याची मजुरी निराळीच.

ही झाली प्रामाणिक चूक. कोष्टक भिंतीवर लावलेलेंच नसेल, तर याहून वाईट घडतें. संचालकाच्या मेहुण्याची गाडी आली कीं दोन किलो कापले जातात, आणि ज्याची ओळख नाहीं अशा सभासदाचे पांच. तो मनुष्य भांडत नाहीं. मुकाट्यानें घरीं जातो व पुढच्या खेपेस माल पुन्हां मोंढ्यावर अडत्याकडे नेतो. तेथें घट कापली गेली तरी अडीनडीस उचल तरी मिळते. अशा रीतीनें कंपनीचे सभासद कागदावर राहतात आणि माल दुसरीकडे जातो. म्हणून ओलावा, माती-काडी व डागी दाणे ह्यांची कापणी किती, बारदान कोणाचें, पैसे किती दिवसांत, पावती कोणीं द्यावी, हें सर्व मोठ्या अक्षरांत लिहून कांट्याशेजारीं टांगावें. आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार अध्यक्षासही नसावा.

एवढें ठरल्यावर नोकर किती व कोणते, हा प्रश्न सोपा होतो. सोयाबीनचा भर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारींत, हरभऱ्याचा त्याच्या पाठोपाठ. एवढे महिने सरले म्हणजे चाळणी बहुतेक थंड असते. तेव्हां बारमाही माणसें दोन किंवा फार तर तीन ठेवावीं आणि बाकीचीं हंगामापुरतीं घ्यावीं. मात्र तोलणारा, पावती लिहिणारा व पैसे देणारा हा एकच मनुष्य कधीं नसावा. माणसें थोडीं असलीं तरी निदान माल आणि रोकड हीं दोन निरनिराळ्या हातीं ठेवावीं, रोजमेळ त्याच दिवशीं पुरा करावा, आणि महिन्यांतून एकदां गोदामांतील पोतीं मोजून वहीशीं ताडून पाहावीं. जो नोकर प्रामाणिक आहे त्याचें ह्या मोजणीनें रक्षणच होतें. कारण तूट निघाली तर संशयाचें बोट प्रथम त्याच्याकडेच वळतें. चाळणीवर बसणाऱ्या बायांची हजेरी वहींत मांडावी, मजुरी आठवड्याच्या आठवड्यास चुकती करावी, आणि समान कामास पुरुषाइतकीच द्यावी. जी कंपनी रास्त मापाच्या नांवानें निघाली, तिनें आपल्या मजुरांचें माप खोटें करूं नये.

नेमणूक करतांना जागेची जाहिरात गांवोगांवच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावी आणि अर्ज लेखी घ्यावेत. तोंडी मुलाखतीपेक्षां कामाची परीक्षा बरी : हिशेबनिसाकडून एका दिवसाचा रोजमेळ लिहवून घ्यावा, मापाड्याकडून पांच नमुन्यांचा ओलावा काढवून घ्यावा. पहिले तीन महिने उमेदवारीचे धरावेत. परभणीस १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आपल्या दारांत आहे. तेथून शिकून बाहेर पडणारे तरुण हें काम अंगावर घेऊं शकतात. ते टिकत नाहींत, अशी तक्रार ऐकूं येते. पण ज्यास दहा संचालक दहा प्रकारचे हुकूम देतात आणि ज्याचा पगार केव्हां होईल तें कोणी सांगत नाहीं, तो टिकावा तरी कसा ?

आतां नाजूक विषय. खेड्यांत जो तो कोणाचा तरी भाऊ, भाचा किंवा जांवई असतो. म्हणून नातलग अजिबात नको, असा नियम पाळणें कठीण, हें आम्हांस मान्य आहे. तरी पण कायद्यानें एक वाट दाखविली आहे. उत्पादक कंपनीच्या संचालकास किंवा त्याच्या नातलगास कर्ज द्यावयाचें झाल्यास तें मंडळानें परस्पर देतां येत नाहीं; सभासदांच्या सर्वसाधारण सभेची मान्यता लागते. नोकरीसही हाच न्याय लावावा. संचालकाचा नातलग अर्जदार असेल तर त्या संचालकानें निवडीच्या वेळीं बैठकींतून उठून जावें, तशी नोंद इतिवृत्तांत व्हावी, आणि नेमणूक झालीच तर ती सर्वसाधारण सभेपुढें ठेवावी. जें चारशें लोकांसमोर सांगावयास संकोच वाटतो, तें करूंच नये.

मंडळ व नोकर ह्यांनीं आपापली मर्यादा ओळखली म्हणजे काय होतें, हें आणंदच्या उदाहरणावरून कळतें. खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ १९४६ सालीं नोंदला गेला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे शेतकऱ्यांचे पुढारी. संघानें १९५० सालीं व्यवस्थापक म्हणून घेतले वर्गीस कुरियन यांस. ते केरळांतले, शिक्षणानें अभियंते, ना गुजराथी ना गवळी. उत्पादकांची एकी राखणें अध्यक्षांनीं आपल्याकडे घेतलें, आणि डेअरी चालविण्याची मोकळीक व्यवस्थापकास दिली. पुढें १९५५ सालीं म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचा कारखाना तेथें उभा राहिला. परका मनुष्य नेमला म्हणून संघ शेतकऱ्यांच्या हातून गेला नाहीं. उलट नेमणारे शेतकरीच राहिले, म्हणून त्यास काम करतां आलें.

कोणी म्हणतील, ‘आमची कंपनी लहान, सर्व घरचीं माणसें, विश्वासावर चालतें, कागद कशास?’ आमचें उत्तर असें कीं, विश्वास हेंच लहान कंपनीचें मुख्य भांडवल आहे, आणि म्हणूनच तें तोंडी बोलण्यावर टांगून ठेवणें धोक्याचें. भाऊभाऊ वेगळे होतांना जो कज्जा होतो, तो बहुधा न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतो. शिवाय नियमांची पोथी करा, असें आमचें म्हणणें नाहीं. मालाची खरेदी, पैशाची देवघेव, नोकरांची नेमणूक व पगार, मंडळ आणि कार्यकारी यांचे अधिकार, एवढ्या चार बाबी दोन पानांत मावतात.

तेव्हां संचालक बंधूंस आमची सूचना एवढीच आहे कीं, येत्या हंगामाचें पहिलें पोतें कांट्यावर येण्यापूर्वीं एक बैठक केवळ ह्याच कामासाठीं बोलवावी. त्या दोन पानांचा मसुदा सोप्या मराठींत लिहावा, सर्वसाधारण सभेंत वाचून दाखवावा, सभासदांस शंका विचारूं द्याव्या, आणि मंजूर झाल्यावर त्याची प्रत प्रत्येक नोकराच्या हातीं द्यावी. सालगड्याशीं जितकें स्पष्ट बोलतां, तितकेंच कंपनीच्या माणसाशीं बोला. पिकास पाणी, खत व राखण हीं तिन्ही लागतात, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. कंपनीच्या पिकास भांडवलाचें पाणी मिळालें, साहाय्याचें खतही मिळालें. राखणीची व्यवस्था मात्र दुसरा कोणी करून देणार नाहीं.