सायंकाळचे ताट आणि उसना संयम

वजन कमी करण्यावरील व्याख्यानांना अलीकडे आमच्या भागातील लेणी फार उपयोगी पडू लागली आहेत. 'अजिंठ्याच्या डोंगरात राहणारे भिक्खू दुपारनंतर अन्नाचा कणही तोंडात घालत नसत, आणि तुम्हांला संध्याकाळची चिवड्याची वाटी सुटत नाही!' हे वाक्य, किंवा याच वळणाचे दुसरे एखादे, सभागृहात हमखास टाळ्या घेते. ऐकणारे ओशाळून हसतात, दोन दिवस रात्रीचे जेवण सोडतात आणि तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातला दिवाही न लावता डब्यात हात घालतात. आम्ही मराठीचे अध्यापक, आहारतज्ज्ञ नव्हे. परंतु वाक्ये तपासणे हा आमचा धंदा आहे, आणि हे वाक्य तपासल्यास त्यात भिक्खूंविषयी थोडे खरे आणि माणसाच्या भुकेविषयी जवळजवळ काहीच खरे आढळत नाही.

विनयाचा नियम खराच आहे. मध्यान्ह टळल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतचा काळ हा 'विकाल'. त्या काळात भोजन वर्ज्य. पण हा नियम कसा आला, हे पाली वाङ्मयाने लपवून ठेवलेले नाही. मज्झिमनिकायातील लटुकिकोपमसुत्तात उदायी नावाचा भिक्खू जुन्या दिवसांची आठवण सांगतो. पूर्वी आम्ही सकाळी, दुपारी आणि रात्री, तिन्ही वेळा जेवत असू. मग आधी दुपारनंतरचे जेवण सोडायला सांगण्यात आले, तेव्हा वाईट वाटले. पुढे केव्हातरी रात्रीचेही सोडायला सांगितले, तेव्हा तर फारच वाईट वाटले, कारण दोहोंपैकी रात्रीचे जेवण अधिक रुचकर. कोणी दिवसा काही चांगला जिन्नस मिळवला तरी म्हणे, ठेवून द्या, संध्याकाळी सगळे मिळून खाऊ. खरा स्वयंपाक रात्रीचाच, दिवसाचा थोडका. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही मराठी घराला जसेच्या तसे लागू पडते. दिवसा डबा आणि रात्री जेवण, हाच आपलाही क्रम आहे.

याच सुत्तात रात्री भिक्षेला हिंडणाऱ्या भिक्खूंची जी तारांबळ वर्णिली आहे, ती मुळातूनच वाचावी. अंधारात कोणी गटारात पडे, कोणी काटेरी कुंपणात शिरे, कोणी झोपलेल्या गाईवर आदळे. भांडे घासणाऱ्या एका बाईने वीज चमकल्यावर समोर उभी आकृती पाहिली आणि भूत समजून ती किंचाळली. भिक्खू आहे असे कळल्यावर तिने त्याला जे सुनावले, ते कोणत्याही आधुनिक आहारतज्ज्ञाच्या तोंडी शोभणार नाही इतके कडक आहे. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की नियम एका रात्रीत आला नाही. आधी एक जेवण गेले, नंतर दुसरे. ज्यांच्यावर तो आला त्यांना तो जड गेला, आणि जड गेल्याचे त्यांनी सांगितले, व ते सांगणे ग्रंथात राहू दिले गेले. भद्दालिसुत्तातला भद्दाली तर एकदाच जेवण्याचा नियम मला झेपणार नाही, असे सर्वांसमोर म्हणतो. निमंत्रण असेल तिथे काही भाग खा आणि काही बरोबर घेऊन ये, अशी सवलत त्याला देऊ केली जाते, ती तो नाकारतो आणि तीन महिने तोंड चुकवतो. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन आपल्याला लाजवले जाते, त्या परंपरेत 'मला जमत नाही' हे वाक्य सुत्ताचा विषय होऊ शकत होते. आमच्या वजन घटवण्याच्या प्रवचनांत या वाक्याला उत्तर नाही, केवळ उपहास आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. भिक्खू रात्री जेवत नसे. पण त्याच्यापाशी रात्री अन्नही नसे. मिळालेले अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खाणे विनयाने निषिद्ध केले आहे. अजिंठ्याच्या बारा क्रमांकाच्या लेण्यात शिरून पाहावे: चौकोनी दालन, तीन बाजूंना खोल्या, खोलीत दोन दगडी शय्या. तिथे फरसाणाचा डबा ठेवायला फडताळ नाही. स्वयंपाक त्याने करायचा नव्हता, तेव्हा उरलेले संपवण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे नव्हते. शेजारच्या शय्येवरचाही उपाशीच. विकाळी ठरावीक फळांचे रस व पेये चालत. आजारी माणसाला तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून ठेवता येई. आणि सर्वांत मोठी बाब ही, की मध्यान्हापूर्वी तो पोटभर जेवलेला असे. एवढी सारी व्यवस्था उभी केल्यावर जे साधे, त्याचे श्रेय एकट्या मनोनिग्रहाला देणे म्हणजे धरणाचे पाणी पाहून नळाच्या तोटीचे कौतुक करणे होय. व्यवस्था वगळून तिचे फळ तेवढे आपल्याकडे मागितले जाते, म्हणून आम्ही या संयमाला उसना म्हणतो.

वजन कमी करण्याची कथाच हवी असेल तर संयुत्तनिकायात ती आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भाताचे जेवण जेवून धापा टाकीत बुद्धाकडे येतो. त्याला मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली जाते. राजा काय करतो? आजपासून मी संयम पाळीन, अशी प्रतिज्ञा करीत नाही. तो सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावतो, आपले ताट वाढले की म्हणून दाखव असे सांगतो आणि त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ करतो. क्रमाक्रमाने राजाचा आहार द्रोणावरून नाळीवर येतो आणि अंग हलके होते. राजाने आपली स्मरणशक्ती चक्क नोकरीवर ठेवली! हे आपल्याला परवडणारे नाही, हा भाग वेगळा. तथापि भरल्या ताटासमोर बसलेल्या माणसाला स्वतःचा सल्ला आठवत नाही, तो कोणीतरी बाहेरून आठवून द्यावा लागतो, हे त्या काळी राजालाही मान्य होते.

'आपले पूर्वज सूर्यास्तानंतर जेवत नसत' हे याच वाक्याचे दुसरे रूप. कोणाचे पूर्वज? जैन घरांत ही प्रथा आजही जिवंत आहे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला 'अंथऊ' असा स्वतंत्र शब्दच आहे. पण तिथे सगळ्या घराचीच चूल दिवस मावळण्यापूर्वी थंड होते, सून एकीकडे उपाशी आणि बाकीचे नऊला ताटावर असे होत नाही. इतरांचे म्हणाल तर धर्मशास्त्रात 'एकभक्त' आहे तसेच 'नक्त'ही आहे, आणि नक्त म्हणजे दिवसभर काही न खाता रात्री एकदाच जेवणे. संकष्टीला आपण नेमके हेच करतो. दिवसभर चहा आणि साबुदाणा, मग नऊच्या आसपास चंद्र दिसला की मोदक, वरणभात, तूप. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडली नाही. दिवसा केलेली कपात रात्री व्याजासह वसूल होते, हे मराठी भाषेला आहारशास्त्राच्या कितीतरी आधी कळले होते.

आहारशास्त्रालाही ते कळले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते तरुण रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, आणि बंधन उठल्यावर काहींचे पोट कितीही खाल्ले तरी भरेना. हे सदाचारी, निश्चयी लोक होते. युद्धाला तत्त्व म्हणून नकार देऊन तिथे आलेले. त्यांच्या मनोबलाविषयी शंका घेणाऱ्याने स्वतःचे मनोबल आधी दाखवावे. दुसरा पुरावा 2013 सालचा. बोस्टनमधील संशोधकांनी बारा जणांना प्रयोगशाळेत मंद उजेडात, घड्याळाचा सुगावा लागू न देता ठेवून पाहिले, तेव्हा जेवणाच्या वेळांशी निरपेक्ष अशी भुकेची एक अंतर्गत लय आढळली: सकाळी आठच्या सुमारास ती सर्वांत कमी, रात्री आठच्या सुमारास सर्वांत अधिक. म्हणजे रात्री आठला माणूस उपदेशाशी नव्हे, स्वतःच्या रक्ताशी झुंजत असतो. आणि त्यातून दुपारी त्याने दोन पोळ्यांच्या जागी काकडी खाल्लेली असली तर निकाल आधीच लागलेला असतो. (सकाळी अन्न नकोसे, रात्री आवरेनासे आणि झोप उडालेली, असे तिन्ही मिळून सतत घडत असेल तर तो निराळा विकार आहे, अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1955 मध्येच त्याचे वर्णन केले. तिथे व्याख्यान नको, डॉक्टर हवा.)

आता भाषेकडे वळू. ठरलेला आहार मोडला की 'चीटिंग' झाले म्हणतात. फसवले कोणाला? गुलाबजाम खाल्ला तर 'पाप' केले, दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या अधिक मारल्या तर 'प्रायश्चित्त'. आठवड्यातून एक दिवस मोकळा, तो 'चीट डे'. व्रतवैकल्यांची सगळी परिभाषा देवघरातून उचलून वजनकाट्यापुढे आणून ठेवली आहे, फक्त व्रताबरोबर येणारा सोबतीचा भाग, म्हणजे शेजारीण, आरती, घरातल्या सगळ्यांनी मिळून धरलेला उपास, तेवढा गळाला. आणि या परिभाषेचा परिणाम प्रत्यक्ष पोटावर होतो. एक लाडू खाल्ला की 'आज मोडलेच, आता काय' म्हणून उरलेले चार संपतात. व्रत मोडते तेव्हा ते पूर्णच मोडते. लाडू मात्र एकच खाल्लेला असू शकतो. हा भेद भाषेने पुसला.

2018 च्या सुमारास महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे पण वेळेवर खाण्याचा आग्रह यांवरून घराघरांत दोन तट पडले होते. त्या वादात आम्हांला पक्ष घ्यायचा नाही. पण अनुयायांनी घातलेल्या वादात एक प्रश्न क्वचितच ऐकू आला: दोनदा असो की आठदा, शिजवणार कोण, आणि उरलेले खाणार कोण?

कारण सायंकाळी अधिक खाण्याचा मोठा हिस्सा हा आपल्याकडे भुकेचा नसून भांड्यांचा आहे. वाटीभर येसर आमटी उरली, मुलाने अर्धी पोळी टाकली, भात फ्रिजमध्ये ठेवण्याइतका नाही आणि टाकण्याइतकाही नाही. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत हे सारे सर्वांत शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात जाते. सकाळी तिने उभ्याउभ्या चहा घेतलेला असतो. सगळ्यांचे डबे भरून स्वतःचा डबा उरेल तसा. आमच्या सहकारी प्राध्यापिकांपैकी कित्येक जणी छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड, अजिंठा या बाजूला रोज जाऊन-येऊन नोकरी करतात. तासिका तत्त्वावर असतील तर दोन ठिकाणी. अकराचा डबा, मग थेट संध्याकाळी सातला घर. मधल्या आठ तासांत चहा आणि बिस्किटे. दार उघडल्याबरोबर, ओट्यापाशी, पर्स खांद्यावर असतानाच शेंगदाण्याच्या बरणीत हात जातो, आणि कणीक मळेपर्यंत निम्मे जेवण न वाढताच झालेले असते. मग जेवण, मग उरलेले. या बाईला पद्मपाणीच्या मिटत्या डोळ्यांतील शांतीचा दाखला देणारा वक्ता बहुधा दुपारी गरम जेवून, वामकुक्षी करून सभागृहात आलेला असतो.

सोळा क्रमांकाच्या लेण्यात नंदाची कथा चितारली आहे. मरणासन्न राजकन्या म्हणून प्रसिद्ध झालेले चित्र हे नंदाची पत्नी सुंदरी हिचे मानले जाते. तीच कथा अश्वघोषाने 'सौन्दरनन्द'मध्ये सांगितली. त्याच्या चौदाव्या सर्गाचा आरंभच आहाराच्या मात्रेने होतो, आणि तिथे अश्वघोष एकतर्फी बोलत नाही. अतिभोजनाने जडत्व आणि झोप येते हे सांगून तो थांबत नाही. अतिअल्प भोजनही शरीराचे तेज, उत्साह आणि बळ हिरावते असे बजावतो, व मग तराजूची उपमा देतो. भाराने पारडे झुकते, हलकेपणाने वर जाते. आमचे व्याख्याते या तराजूचे एकच पारडे लोकांना दाखवतात. संस्कृतचे अध्यापक सहसा या सर्गापर्यंत पोचत नाहीत, ही आणखी एक हळहळ, असो.

तेव्हा वजन उतरवू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना आम्ही संध्याकाळविषयी काही सांगत नाही, दुपारविषयी सांगतो. पोटभर जेवा, भाकरी, डाळ, भाजी, दही, जे घरात असेल ते, आणि ते एकच्या आत. चार-साडेचारला बसून काहीतरी खा: मूठभर फुटाणे, उकडलेले अंडे, केळे, मटकीची उसळ. भूक शिगेला पोचण्यापूर्वी तिला गाठा. घरी पोचल्यावर आधी ताट वाढून घ्या, मग इतर कामे. मधुमेहाची औषधे चालू असतील तर वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. बरण्या पारदर्शक नसाव्यात आणि ओट्यावर तर मुळीच नसाव्यात. फडताळाच्या अभावाचे महत्त्व बारा क्रमांकाच्या लेण्याने शिकवले आहेच.

आणि महाविद्यालयांना सांगायचे ते असे. वेळापत्रकात पाऊण तासाची जेवणाची सुट्टी कागदावर असते, तिच्यात बैठका लावू नका. आहारविषयक व्याख्यानासाठी वक्ता बोलावण्यापूर्वी प्राध्यापिका कक्षात एक शेगडी आणि डबा गरम करण्याची सोय करा. घरातील पुरुषांसाठी तर याहून सोपे काम आहे: रात्री उरलेली आमटी तुम्ही संपवा, किंवा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पातेले घासून पालथे घाला.