झाड की झुडूप?

२०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारावयाचे म्हणून नाशिक महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे १,८०० झाडांसंबंधी जाहीर सूचना काढली. त्यांतील काही तोडावयाची, काही छाटावयाची व काही अन्यत्र नेऊन लावावयाची होती. तीवर शेकडो हरकती आल्या, मोर्चे निघाले, आणि डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने वृक्षतोडीस अंतरिम मनाई केली. या प्रकरणाची कायदेशीर बाजू न्यायासनापुढची आहे. तीविषयी आम्ही येथे लिहीत नाही. परंतु या वादात उभय पक्षांनी जी भाषा वापरली, तिचा विचार मात्र कोणत्याही न्यायालयावर सोपविता येत नाही. तो घरोघरी बसूनच करावयास हवा.

आमच्या वडील पिढीस अलंकारशास्त्राची चांगली ओळख असे. त्यात अपह्नुती नावाचा एक अलंकार आहे. जी वस्तू समोर आहे तिचा निषेध करावयाचा आणि तिच्या जागी दुसरीच वस्तू स्थापावयाची, हे त्याचे लक्षण. 'ही तुळस नव्हे, अंगणात तेवणारी समईच होय,' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास आनंद होतो. कारण तुळस जागच्या जागी आहे, हे कवीस ठाऊक असते आणि श्रोत्यासही. परंतु हाच अलंकार दफ्तरात शिरला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. 'ही झाडे नव्हेत, ही झुडपे आहेत,' असे एकदा कागदावर उमटले, की थोड्याच दिवसांत त्या वाक्याची सत्यता पडताळून पाहण्यास तेथे काहीच उरत नाही. कवीची अपह्नुती वस्तूस धक्का लावीत नाही; दफ्तरातली अपह्नुती वस्तूच नाहीशी करते.

तपोवनासंबंधी अधिकाऱ्यांकडून असाच खुलासा झाला, की जुने वृक्ष राखले जातील. जाणार ती मुख्यतः अलीकडे वाढलेली लहान झाडेझुडपे. यात तथ्यांश असू शकेल. परंतु 'लहान' म्हणजे किती वर्षांचे, किती घेराचे, कोणत्या जातीचे, हे प्रत्येक झाडाबाबत सांगितल्यावाचून तो शब्द माहिती देत नाही, केवळ दिलासा देतो. माहिती आणि दिलासा यांतला भेद ओळखता येणे, हेच आम्ही सुशिक्षितपणाचे एक लक्षण समजतो.

याचा अर्थ शासनाची अडचण खोटी आहे, असा नव्हे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशकातच सिंहस्थाच्या पर्वणीस चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. गर्दीस मोकळी जागा हवी, ही मागणी चैनीची नसून प्राणरक्षणाची आहे. ज्या घरी आजीबाई पर्वणीच्या स्नानाची वर्षानुवर्षे वाट पाहत असतात, त्याच घरी नातवंडे झाडांसाठी फलक रंगवितात. आणि दोघांचेही म्हणणे निष्ठेचे असते. अशा वेळी एकीला धर्मभोळी व दुसऱ्यांना धर्मद्रोही ठरविणारे वक्तृत्व प्रश्न सोडवीत नाही, घर मात्र फोडते. त्याचप्रमाणे, तपोवनातले प्रत्येक झाड जणू प्रभू रामचंद्रांच्या पर्णकुटीवर छाया धरून उभे होते, असा भास निर्माण करणारी अतिशयोक्तीही आम्हांस मान्य नाही. वीस वर्षांच्या झाडास स्वतःची सावली असते आणि त्यावर पाखरांची घरटी असतात. एवढे त्याच्या रक्षणास पुरेसे आहे. त्यास त्रेतायुगातले ठरविले, तर उलट खऱ्या पक्षावरचाच विश्वास उडतो.

आकड्यांचेही वक्तृत्व असते. तुटणाऱ्या झाडांची भरपाई म्हणून राजमहेंद्रीहून १५,००० रोपे आणण्याचे ठरले. १,८०० च्या बदल्यात १५,००० हा हिशेब ऐकताच मन निवते. परंतु रोप आणि वृक्ष हे एकाच मापाने मोजावयाचे पदार्थ नव्हेत. घरातले एक कर्ते माणूस गेले असता पाळण्यात आठ बालके आहेत म्हणून संसार चालत नाही. हे तत्त्व कायद्यानेही मानले आहे. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने ५० वा अधिक वर्षांच्या झाडास 'वारसा वृक्ष' म्हटले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत, असा नियम केला. अर्थात हिशेब वयाचा आहे, नुसत्या संख्येचा नव्हे.

नाव बदलल्याने भूमीचे दैव कसे बदलते, याचे उदाहरण विदर्भात सापडते. तेथील फार मोठे क्षेत्र महसुली दफ्तरात 'झुडपी जंगल' या नावाने नोंदलेले आहे. झुडपी म्हणजे खरे जंगल नव्हे, असा युक्तिवाद अनेक दशके चालला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय दिला. एका विशेषणाचा अर्थ ठरविण्यास इतका काळ लागावा, यातच शब्दाचे सामर्थ्य दिसून येते.

दूरदेशीही हाच प्रकार आहे. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात उत्तर ध्रुवालगत एक विस्तीर्ण अभयारण्य आहे. त्याच्या किनारी मैदानाच्या पोटात खनिज तेल असल्याने तेथे विहिरी खणाव्यात की नाही, हा वाद १९८० पासून धुमसत आहे. २००३ साली तेथील मंत्री गेल नॉर्टन यांनी या प्रदेशाचे वर्णन सपाट, पांढरी पोकळी असे केले. तेथील ग्विचिन लोक मात्र त्यास जीवन जेथे आरंभते ते पवित्र स्थान मानतात. कारण ज्या कॅरिबू हरणांवर त्यांची उपजीविका चालते, त्यांची पाडसे याच मैदानावर जन्मतात. उलट, त्याच किनाऱ्यावरील काक्तोविक गावच्या अनेकांना तेलातच आपला चरितार्थ दिसतो. २०१७ च्या कायद्याने सुमारे १५ लक्ष एकरांपैकी फक्त २,००० एकरांवर बांधकामास मुभा दिली. आकडा किती नम्र! परंतु त्यात तेलवाहिनीच्या खांबांखालची जमीन मोजावयाची. दोन खांबांमधली, जिच्यावरून वाहिनी जाते ती, मोजावयाची नाही. ध्रुवाजवळचा हा हिशेब आणि गोदाकाठचा हिशेब एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

मग वक्तृत्व टाकून द्यावे काय? मुळीच नाही. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या नगरीस तसे सांगणे शोभणारही नाही. भाषेवाचून झाडांची बाजू तरी कोण मांडणार? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाच्या व मनाच्या तपाबरोबर वाणीचेही तप सांगितले आहे, आणि त्यात सत्यास व हितास स्थान दिले आहे. तपोवनाविषयी बोलताना निदान हे तप तरी पाळले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आमच्या वाचकांस एक व्यावहारिक सूचना करून हा लेख संपवितो. शहरात झाडे तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या भागात अशी सूचना लागली, तर घरच्या मुलांनी दोरी घेऊन झाडांचे घेर मोजावेत, वडीलधाऱ्यांनी ती कधीपासून पाहिली ते सांगावे, आणि ज्याचे अक्षर चांगले त्याने हरकत लिहून मुदतीत पोहोचती करावी. तीत विशेषणे थोडी असावीत. झाडाची जात, जागा, घेर व अंदाजे वय ही मात्र अवश्य असावीत. अशा कागदास उत्तर देताना झाडाला झुडूप म्हणणे कोणालाही सोपे जात नाही.