उपचाराची पाळी येईपर्यंत

मंत्रचळ हा आजार दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सर्वांत सहज लपतो. घरोघर साफसफाई चालू असते, आणि एकच डबा पाचव्यांदा घासणाऱ्या सुनेचे कौतुकच होते. तिला मात्र डबा स्वच्छ झाल्याची खात्री काही केल्या पटत नसते. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव कासावीस होतो, तो शमवायला एखादी कृती केली जाते, घटकाभर सुटका मिळते आणि विचार पुन्हा उगवतो. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. हात धुणे हे त्याचे एक रूप झाले. कुणाला गॅसची शंका छळते, कुणाला देवापुढे अभद्र विचार येतात, कुणाला आपल्याच लेकराला आपल्या हातून इजा होईल अशी भीती वाटते. हे शेवटचे विचार लाजेपोटी वर्षानुवर्षे कुणाला सांगितले जात नाहीत.

हैदराबादच्या मलकपेठेत हा आजार मराठी घरात सोवळ्याआड दडतो, तर मुस्लिम घरात नमाजापूर्वीच्या वुजूत. तिथे त्याला वसवसा म्हणतात. वुजूत हात तीनदा धुतले की पुरे. आजारी माणसाचे तेरा वेळा धुऊनही भागत नाही.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये याचे प्रमाण हजारी सुमारे आठ आढळले. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्रही नव्हता आणि तेलंगणही. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही, आणि प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्याहून विरळ. अडचण अंतराची नाही. मलकपेठेहून एर्रगड्ड्याच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत मेट्रो न बदलता जाता येते. अडचण वेळेची आहे. औषध दहा मिनिटांच्या तपासणीत लिहून देता येते. पण लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली ज्या उपचाराची पायवाट पाडली, त्याला दर आठवड्याला तासभर, असे अनेक महिने लागतात. त्यात भीती वाटणाऱ्या गोष्टीला मुद्दाम सामोरे जायचे आणि नेहमीची कृती टाळायची. मनातले सगळे सांगायचे तर ते मातृभाषेत सांगता यावे लागते, आणि तेलुगू-उर्दूच्या शहरात मराठी बोलणारा उपचारक मिळणे आणखी कठीण.

म्हणून या उपचारासाठी नाव नोंदवले की पाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात औषधाबद्दल विचारावे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात “गुण येत नाही” म्हणून गोळ्या सोडणारे फार, आणि नुकसान तिथेच होते.

घरच्यांचे काम याहून अवघड आहे. “गॅस बंद केलाय ना?” या प्रश्नाला नवरा मायेने “हो” म्हणतो. पाच मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा येतो. प्रत्येक “हो” आजाराला खतपाणी घालतो, कारण शंका सहन करण्याची सवयच लागत नाही. एकाएकी गप्प बसणे मात्र क्रूर ठरते. शांत वेळी दोघांनी मिळून ठरवावे: उत्तर एकदाच, नंतर “ही शंका आजाराची आहे, मी तुझ्याजवळ बसतो.” भीतींची यादी करून प्रत्येकीला शंभरपैकी गुण द्यावेत आणि तिशीतल्या भीतीपासून सुरुवात करावी. दाराच्या कडीला हात लावून दहा मिनिटे न धुता बसणे, एवढेही पहिल्या आठवड्याला पुष्कळ आहे. सर्वांत मोठ्या भीतीला एकट्याने हात घालू नये. ती उपचारकासाठी ठेवावी.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हा हक्क तारीख मिळण्यावर थांबता कामा नये. सरकारी दवाखान्यांत भीतीला सामोरे जाण्याचा हा उपचार शिकलेली माणसे नेमल्याशिवाय रांग घटणार नाही, आणि ती मागणी रुग्णांच्या कुटुंबांनी लेखी करायला हवी. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. खाणेपिणे सुटले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.