सरकीवर वाढलेली पिढी

मीरा रोडच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पूर्वी योगवर्ग असायचा, नाहीतर भिशी. हल्ली तिथं आयांसाठी 'निसर्गाकडे चला' या थाटाची व्याख्यानं होतात. वक्ते बदलतात, व्याख्यान तेच. त्याचा गोषवारा असा: बाजारातलं निम्मं अन्न जनुकं बदललेलं आहे, परदेशी कंपन्यांनी ते गुपचूप आपल्या मुलांच्या ताटात सरकवलं, अॅलर्जी, चष्मा, हट्टीपणा, अभ्यासात मन न लागणं हे सगळं त्यातूनच आलं. उपाय एकच, निसर्ग. म्हणजे तबेल्याचं दूध, घाण्याचं तेल, देशी भाज्या, बाळगुटी, मध. आणि लस? 'ते ज्याचं त्यानं ठरवावं.' हे वाक्य मंद हसत, किंचित डोळे मिटून म्हणायचं असतं. ज्यानं त्यानं काय ठरवायचं ते तोवर ठरलेलं असतं, आणि हॉलबाहेरच्या टेबलावर निसर्ग पाकिटांतून विकायला मांडलेला असतो.

आधी 'निम्म्या अन्ना'चा हिशेब बघू. भारतात आजवर जनुकबदल केलेल्या एकाही अन्नपिकाची व्यापारी लागवड सुरू झालेली नाही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचं बीटी वांगं, म्हणजे बीटी नावाच्या जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं, २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं मंजूर केलं, तर ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी ते बेमुदत थांबवलं. मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. शिल्लक राहिला बीटी कापूस. त्याला २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली, म्हणजे मीरा-भाईंदर नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. कापूस काही कुणी खात नाही.

सरकी मात्र खातात, आणि इथंच मला या मंडळींशी बसून बोलावंसं वाटतं. देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आहे. त्या कापसातून निघालेली सरकी तेलाच्या गिरणीत जाते. तिथून तेल निघतं आणि पेंड उरते. तेल कुठं जातं हे कळायला मीरा रोड-भाईंदरसारखं गाव नाही. फरसाणाच्या कुठल्याही दुकानात गाठिया तळणाऱ्याला विचारा, तो अभिमानानं सांगेल, 'कपासिया तेल, साहेब.' पाकिटबंद शेवेच्या मागची बारीक अक्षरं वाचा, कपाशीचं तेल दिसेल, नाहीतर पामतेल. व्याख्यान संपल्यावर चहाबरोबर जो फाफडा फिरतो, त्याच्या तळणाची चौकशी केलेली मी अजून पाहिलेली नाही.

आणि पेंड? ती म्हशीच्या आंबोणात. भुसा, चुणी आणि भिजवलेली सरकी पेंड. पेंडेनं दुधाला फॅट लागतो हे कुठलाही तबेलेवाला सांगेल. म्हणजे 'पिशवीतलं विष' सोडून ज्या 'शुद्ध, नैसर्गिक' दुधासाठी आया पहाटे बरणी घेऊन उभ्या राहतात, त्या दुधामागं वीस वर्षांहून अधिक काळ बीटी सरकी उभी आहे. परदेशी कंपन्यांना गुपचूप काही सरकवायची गरजच पडली नाही. सगळं उघड्यावर, पोत्यांतून आलं. इथं कुणी म्हणेल, मग आणखीच घाबरायला हवं! घाबरा, पण मग दूधही सोडा, तूपही सोडा, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जनुकबदल केलेली (जीएम) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, तेव्हा अंडीही सोडा. तसं कुणी करत नाही, कारण मग टेबलावर विकायला काय ठेवणार? ज्यांना घाबरायचं नाही त्यांच्यासाठी साधी माहिती: शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ उरतच नाही, आणि म्हशीच्या पोटात बीटीच्या प्रथिनाचे तसेच तुकडे होतात जसे गवताच्या प्रथिनाचे.

याच सरकीत एक खरंखुरं विष आहे, आणि ते शंभर टक्के नैसर्गिक आहे. त्याचं नाव गॉसिपॉल. किडीपासून वाचण्यासाठी कपाशी ते स्वतःच तयार करते. म्हशीला ते बऱ्यापैकी पचतं, माणसाला नाही. चीनमध्ये एकेकाळी पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, यावरून काय ते समजा. सरकीचं तेल खाण्याजोगं होतं ते रिफायनरीत. ज्या रिफाइन्ड शब्दावर व्याख्यानात पंधरा मिनिटं खर्ची पडतात, तीच प्रक्रिया हे विष काढून टाकते. पुढचं तर आणखी गमतीचं. टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी सरकीतलं गॉसिपॉल अगदी कमी केलेली कपाशी तयार केली आणि अमेरिकेनं २०१८ मध्ये तिच्या लागवडीवरचे निर्बंध उठवले. कशानं केलं म्हणता? जनुकबदलानं. विष निसर्गाचं आणि उतारा प्रयोगशाळेचा. हे वाक्य त्या हॉलमध्ये उच्चारून बघा.

बाकीचे मुद्दे झटपट उरकतो. बीटी हा मातीतला जिवाणू आहे. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करतं, आणि त्याच जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीला चालते. व्याख्यानात पडद्यावर दाखवतात त्या गाठी आलेल्या उंदरांचा २०१२ चा निबंध तो छापणाऱ्या नियतकालिकानंच २०१३ मध्ये मागे घेतला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बॉटुलिझम होऊ शकतो. लाखेची डाळही नैसर्गिकच, रोजची खाल्ली तर पाय लुळे करते. देशी वांग्यावर शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी किती वेळा फवारतात ते भाजीवाल्याला नका विचारू, शेतकऱ्याला विचारा. बांगलादेशानं २०१४ पासून बीटी वांगं शेतकऱ्यांच्या हाती दिलं, ते हीच फवारणी कमी व्हावी म्हणून.

बीटीविरुद्ध बोलण्यासारखं काहीच नाही असं मात्र नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भातली बोंडं आतून पोखरून गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर मेले. बियाण्याचा भाव, एकाच तंत्रावर टेकणं, कमजोर देखरेख, यांवर भांडायला जागा आहे आणि भांडलंच पाहिजे. पण हे मुद्दे कापूसवाल्याचे आहेत, मीरा रोडच्या बाळाचे नाहीत, म्हणून व्याख्यानात त्यांना जागा नाही.

निसर्ग की कंपनी हा वाद जुनाच आहे. भाईंदरची मिठागरं ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल, मिठात आयोडीन घालायचं ठरलं तेव्हा 'खडेमीठ निसर्गाचं, आयोडीनचं मीठ कंपन्यांचं' हीच ओरड झाली होती. बिगरआयोडीन मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये ती उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली. मधल्या काळात निसर्गानं एकाही बाळाला आयोडीन आणून दिलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हाही 'या लशीनं मुलं वांझ होतील' असे निरोप मोबाइलवर फिरले. तेव्हाचे घाबरवणारे आणि आत्ताचे यांच्यात फरक एवढाच, की आताचे पावती देतात.

मग करायचं काय? माझ्याकडे चमत्कार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्यांना जनुकांचं भय नको, लोह हवं. सहा महिने फक्त आईचं दूध, मग नाचणी, डाळ, अंडं, मासळी. उत्तनचा बाजार जवळच आहे. भाज्या वाहत्या पाण्यात धुवा. गुटी उगाळायची हौस असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाला विचारा, आणि जायफळाचा वेढा बेतानं. जीएम अन्नावर ठळक लेबल हवं ही मागणी मलाही मान्य आहे. विकत घेतो काय हे कळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क.

राहिली लस. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला आणि मुलं दगावली. तिथल्या आयांकडे गरिबी होती, कोविडात चुकलेले डोस होते, रोजंदारी बुडण्याची भीती होती. एसी हॉलमध्ये बसणाऱ्यांकडे यातलं एकही कारण नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिल्या डोसाबरोबर अ जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात, पुढं पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सरकारी केंद्रांवर दोन्ही फुकट आहे.