हंसणारी राणी

जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटाच्या लेण्यांत कोरलेल्या मूर्तींचे आतां पायच तेवढे उरले आहेत. परंतु 'देवी नायनिका' हें सातवाहन राणीचें नांव त्यांवर वाचतां आलें, आणि यज्ञांत दिलेल्या गाईंची व कार्षापणांची मोजदादही भिंतींवर आहे. दगडानें राणीचें नांव राखलें. कथासरित्सागरांतल्या सातवाहन राणीच्या वांट्यास तेंही आलें नाहीं. (दोघी एकच, असें आमचें म्हणणें नाहीं.)

ती गोष्ट कोणास ठाऊक नाहीं? जलक्रीडेंत 'मा उदकैः', म्हणजे पाण्यानें मारूं नका, याचा संधि करून राणी 'मोदकैः' म्हणाली, राजानें मोदक मागविले, ती हंसली. तेवढ्यावरून कित्येक सज्जन तिला गर्विष्ठ ठरवितात! आम्ही विचारतों, अपराध कोणता? व्याकरण तर तिचेंच शुद्ध होतें. अशुद्ध बोलती तर विनयशील ठरती काय? राजा लाजला म्हणून शिकावयास बसला. शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची पैज जिंकली, त्यांतून कातंत्र व्याकरण आलें. हरलेल्या गुणाढ्यानें संस्कृत, प्राकृत व देशभाषा सोडल्या, म्हणून बृहत्कथा पैशाचींत लिहिली गेली. दोघांसही कीर्ति मिळाली. जिच्या हंसण्यानें हें सारें घडलें, ती मात्र विष्णुशक्तीची कन्या, एवढीच.

आणि सोमदेवानें 11व्या शतकांत हा ग्रंथ रचला तो काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या मनोरंजनार्थ! हा प्रसंग ऐकून तिलाही हंसूं आलें असेल. तें राजाच्या बाजूचें खास नसावें.